स्थिरचित्र आणि आपली भांडी

सटाण्यात आमचे एक छोटे अभ्यासमंडळ आहे. महिन्यातून दोन रविवारी पंधरा-वीस मुलेमुली जमतात. बहुतेक जण बागलाणातल्या खेड्यापाड्यांतून एस. टी. ने येणारे, घरातून कॉलेजची पायरी चढलेले पहिलेच. आम्ही फुले-आंबेडकर वाचतो, वाद घालतो, कधी कविता म्हणतो. एका रविवारी मी पुस्तकाऐवजी काही चित्रांच्या छापील प्रती नेल्या. एकात तांब्याचे पाणी साठवायचे मोठे भांडे होते, एकात झिजलेले जोडे, एकात नुसत्याच बाटल्या. चित्रे हातोहात फिरली. शेवटी चळवळीत मनापासून काम करणारा एक मुलगा म्हणाला, "सर, आपण चळवळीची माणसं. स्थिरचित्राचं आपण काय करायचं?"

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न विनोदाचा नव्हता. त्याच्यामागे एक रास्त संशय होता. ज्या समाजाच्या घरात भांडीच मोजून चार होती, त्याने भांड्यांच्या चित्रातले सौंदर्य शोधत बसावे काय? आमच्या साहित्याने निखळ सौंदर्याच्या कल्पनेला नकार दिला तो हौसेखातर नव्हे. शांत रसाच्या गप्पा मारणाऱ्या पांढरपेशा समीक्षेला आमच्या वस्तीचा आवाज कधी ऐकूच आला नव्हता. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिले, तेव्हा आनंद हाच साहित्याचा अंतिम निकष मानायला त्यांनी नकार दिला आणि स्वातंत्र्य, समता, न्याय ही मूल्ये पुढे ठेवली. मग ज्या चित्रात माणूस नाही, घटना नाही, अन्यायही नाही, नुसता एक तांब्या आणि दोन कांदे आहेत, ते चित्र या मूल्यांच्या दारात कसे उभे राहणार?

त्या रविवारी मी उत्तर दिले नाही. खरे तर मला ते नीट देता आले नसते. नंतर जे सुचत गेले ते इथे मांडतो आहे.

स्थिरचित्र म्हणजे परकी, श्रीमंत दिवाणखान्यातली गोष्ट, असा आपला समज असतो. पण महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या निम्म्याअधिक मुलांनी ते कधी ना कधी पाहिलेले असते, काढलेलेही असते. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा आठवा. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. आता या परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून गर्दी असते, ते सोडा. वर्गाच्या मधोमध टेबल, त्यावर घडी मोडून टाकलेले कापड, एक घागर किंवा बादली, एक कपबशी, शेजारी वांगी नाहीतर कांदे. भोवती गोल करून बसलेली मुले. प्रत्येकाच्या जागेवरून तेच टेबल वेगळे दिसते आणि प्रत्येकाने आपल्याला दिसते तेच काढायचे असते. शेजाऱ्याची नक्कल करून भागत नाही, कारण शेजाऱ्याला घागरीमागचा कांदा दिसतो आणि तुम्हाला दिसत नाही.

हा चित्रप्रकार त्याच्या जन्मभूमीतही मानाचा नव्हता, हे मला फार उशिरा कळले. आंद्रे फेलिबियां नावाच्या फ्रेंच लेखकाने पॅरिसच्या राजकीय चित्रकला अकादमीतील १६६७ च्या व्याख्यानांना प्रस्तावना लिहिली. तीत त्याने चित्रप्रकारांची उतरंड लावून दिली. सर्वांत वर इतिहास, पुराण आणि रूपक यांची चित्रे. त्याखाली माणसाचे व्यक्तिचित्र. मग जिवंत प्राणी, मग निसर्गदृश्य. आणि सर्वांत खाली फळे, फुले, शिंपले रंगवणारा चित्रकार. राजे, देव, सेनापती वर. भांडी आणि भाजी तळाला! वाचताना मला हसू आले, आणि लगेच ओळखही पटली. आपल्याकडे जातींच्या रचनेला उतरंड म्हणतात. तो शब्दच मुळी भांड्यांचा. एकावर एक रचलेल्या मडक्यांची ती उतरंड. तळाचे मडके सगळ्यांचे ओझे वाहते आणि त्याच्यात काय आहे हे कोणी उघडून बघत नाही, कारण ते उघडायचे तर वरची सगळी उतरवावी लागतात.

या तळाच्या प्रकारात ज्याने आयुष्य घालवले तो झां शार्दें (१६९९–१७७९) हा पॅरिसमधल्या एका सुताराचा मुलगा. १७२८ साली अकादमीने त्याला घेतले, तेही प्राणी आणि फळे रंगवणारा म्हणून. म्हणजे आत घेतले, पण पंगत वेगळी. त्याने रंगवली ती स्वयंपाकघरातली भांडी, लसूण, अंडी, खलबत्ता, पाण्याचा पेला. त्याच्या काळच्या दरबारी चित्रांत परीकथेतल्यासारख्या स्त्रिया झोपाळ्यावर झुलत असताना हा माणूस तांब्याच्या भांड्याच्या पोटावर उजेड कुठे संपतो, ते बघत बसला होता.

बघत बसणे हा शब्द मी मुद्दाम वापरला. स्थिरचित्राची सगळी विद्या त्यातच आहे. ज्यांनी कधी पेन्सिल हातात धरली नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो.

मडके काढायला सांगितले की पहिल्यांदा मूल त्याचे तोंड पूर्ण गोल काढते. का? कारण मडक्याचे तोंड गोल असते हे त्याला माहीत असते. प्रत्यक्षात समोर बसलेल्याला ते लंबगोल दिसते. मडके खाली ठेवले तर लंबगोल फुगतो, वर उचलत गेले तर चपटा होतो आणि बरोबर डोळ्याच्या पातळीला आला की नुसती आडवी रेघ उरते. मडक्याचे बूडही मूल सरळ रेघेने काढते, कारण मडके जमिनीवर टेकलेले आहे हे त्याला माहीत असते. सावली काळी काढते, कारण सावली काळी असते असे त्याने ऐकलेले असते. ड्रॉइंगचे मास्तर वर्षभर एकच धडा शिकवत असतात: माहीत आहे ते काढू नको, दिसते ते काढ. हे ऐकायला सोपे वाटते. मोठ्यांनाही ते जमत नाही. डोळा उघडण्याआधीच मेंदू निकाल देऊन मोकळा होतो.

आणि जात म्हणजे दुसरे काय आहे? जात म्हणजे बघण्याआधीचे माहीत असणे. माणूस दारात उभा राहतो, त्याचे आडनाव कानावर पडते आणि मग त्याचा चेहरा कोणी पाहतच नाही. जे माहीत आहे तेच त्याच्या जागी काढले जाते. जातीच्या डोळ्याला भांडेही कधी दिसलेले नाही. त्याला दिसते ते भांडे कोणाचे आणि त्याला कोण शिवले एवढेच.

सावलीचेही असेच. मास्तर सांगतात की सावली काळी नसते. डाळिंबाची सावली पांढऱ्या कापडावर पडली तर तिच्यात तांबूस छटा उतरते. जवळच्या घासलेल्या तांब्याच्या कडेवर डाळिंबाचा लाल रंग चढतो आणि तांब्याचा उजेड उलटून डाळिंबाच्या अंधाऱ्या बाजूला लागतो. याला परावर्तित प्रकाश म्हणतात. हा साधला नाही तर वस्तू सुट्या-सुट्या, कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. टेबलावरच्या सगळ्या वस्तू एकमेकींना शिवत असतात. ज्यांच्या वाडवडिलांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांनी हे एकदा शांतपणे, पेन्सिल हातात घेऊन बघावे असे मला वाटते.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही भांड्याला फार निष्पाप करून टाकले. कबूल. आपल्या बाबतीत भांडी निष्पाप नाहीत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत, असे सांगितले आहे. अपपात्र हा शब्द तिथलाच. मनूने माणसाची व्याख्या त्याच्या हातातल्या भांड्यावरून केली. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतल्या पुण्याचे वर्णन केले आहे. अस्पृश्याने थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवायचे आणि आपली पावले पुसली जावीत म्हणून कमरेला झाडू बांधायचा. परीक्षेच्या टेबलावर मडके आणि केरसुणी शेजारी ठेवली, तर सवर्ण मुलाला ते स्वयंपाकघराचे स्थिरचित्र वाटेल. आमच्या मुलाला काय वाटेल?

आणि महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी माणसांनी ओंजळीने प्यायले. पुढे तळे शुद्ध करायला शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण आणि एकशे आठ घागरी लागल्या. ओंजळीने विटाळलेले पाणी घागरींनी शुद्ध केले! मातीच्या त्या घागरींना विचारले असते, तर त्यांनी हे काम केले असते का, असा वेडा विचार माझ्या मनात कधी कधी येतो. पण वस्तू बोलत नाहीत आणि म्हणूनच त्यांच्याकडून काहीही करून घेता येते.

याच दोन वस्तू, मडके आणि झाडू, पुढे एका परीट घरातल्या माणसाने उचलल्या. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा (१८७६–१९५६). गळ्यातले मडके त्यांच्या हातात जेवायचे गाडगे झाले, पावलांच्या खुणा पुसणारा झाडू गावाची घाण काढू लागला. वस्तू त्याच राहिल्या, मांडणी बदलली. स्थिरचित्रात मांडणीला केवढे महत्त्व असते हे चित्रकाराला विचारा. तो अर्धा दिवस टेबलावरचा कांदा बोटभर इकडे-तिकडे सरकवत असतो.

या ठिकाणी माझी एक आठवण सांगणे भाग आहे. आठवीत असताना एलिमेंटरीच्या सरावासाठी ड्रॉइंगच्या सरांनी प्रत्येकाला घरून एक भांडे आणायला सांगितले. मुलांनी पितळी कळशी, समई, चिनी मातीची बरणी असे आणले. आमच्या घरात पितळ नव्हते. मी जर्मनचा तांब्या नेला, दोन्ही बाजूंनी चेपलेला, बुडाला काळा. (तांब्या म्हटले की तो तांब्याचा असतो हे मला तोवर सुचलेलेच नव्हते, आमच्याकडे तांब्या जर्मनचाच.) मी तो दप्तरात लपवून ठेवला होता. सरांनी तो काढायला लावला आणि समई बाजूला करून मधोमध ठेवला. म्हणाले, "गुळगुळीत भांडं सोपं असतं. हे काढा. प्रत्येक चेपाला उजेड कसा मोडतो बघा." तासभर चाळीस मुले माझ्या मायच्या तांब्याकडे बघत बसली. कोणाचा तांब्या, हे त्या तासात कोणी विचारले नाही. मला त्या वयात याचा अर्थ कळला नव्हता. एवढेच कळले की चेप ही शरमेची गोष्ट आहे असे मी समजत होतो आणि इथे तर सगळे चित्र चेपामुळेच उभे राहत होते.

मला वाटते, माझ्यापुरते स्थिरचित्राचे मर्म त्या तासाला कळले. एखादी वस्तू तिच्या मालकाच्या जातीतून, तिच्या किमतीतून थोडा वेळ सोडवून समोर ठेवणे आणि तिला तिचा उजेड मिळू देणे.

आता महाराष्ट्रातल्या ज्या चित्रकाराने हा प्रकार आयुष्यभर जवळ केला त्याच्याकडे येतो. त्याचे नाव आपल्या चळवळीच्या लेखनात जितके यायला हवे तितके आलेले नाही. कृष्णाजी हौलाजी आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. आई लहानपणीच गेली. बाप मोटार हाकणारा. सातव्या वर्षाच्या सुमारास पोर घरातून पळून मुंबईला आले. मोटारी धुतल्या, साहेबांच्या घरी नोकर म्हणून राबले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. जे. जे. स्कूलचे चार-पाच वर्षांचे शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. मोटारी पुसून झाल्यावर उरलेल्या वेळात ते रंगवत राहिले. मुंबईत राहणारे कलासमीक्षक रूडी फॉन लायडेन आणि चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांची नजर त्यांच्यावर गेली. १९४२ साली त्यांचे पहिले प्रदर्शन झाले. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात आरा होते. अलीकडच्या कलेतिहासाच्या लेखनात या गटाच्या सर्वसमावेशकपणाबद्दल बोलताना आरा दलित होते अशी नोंद हमखास येते. मात्र ती बहुधा एका शब्दात येते आणि लेखक पुढे जातो.

आरांनी काय रंगवले? नग्न स्त्रिया रंगवल्या, त्यावरून टीकाही झाली. पण सातत्याने रंगवल्या त्या टेबलावरच्या वस्तू: फुले, फळे, सुरया, वाडगे, कापड. जलरंग आणि अपारदर्शक रंग ते असे जाड लावत की तैलरंगाचा भास व्हावा. पाश्चात्य चित्रकार सेझानचा प्रभाव समीक्षकांना त्यांच्यात दिसतो आणि तो आहेही. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले ते 'टू जग्ज' या चित्रासाठी, म्हणजे पाण्याच्या दोन सुरयांसाठी. मोटारी धुणाऱ्या हातांनी दोन भांडी रंगवली आणि सोसायटीने त्यांना सोने दिले. १९८५ साली आरा मुंबईत वारले. उत्तरायुष्यात आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात त्यांनी तरुण, नाव नसलेल्या चित्रकारांना जागा मिळवून दिली.

पण याच गोष्टीची एक दुसरी बाजू सांगितली जाते. प्रोग्रेसिव्ह गटाच्या जन्मकथेत असे येते की याच सोसायटीने त्याआधी आरांचे स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे मोठे चित्र नाकारले होते, आणि गट काढायला ते एक निमित्त ठरले. आमच्या मंडळात मी हे सांगितले तेव्हा मुले एकदम सावध झाली. "म्हणजे सर, रस्त्यावरची गर्दी काढली तर नकार आणि दोन भांडी काढली तर सोनं!" एक मुलगी म्हणाली. तिचे म्हणणे टाळता येण्यासारखे नाही. प्रस्थापित व्यवस्थेला खालच्या माणसाचे मौन नेहमीच आवडते. तुमच्या वेदनेपेक्षा तुमची फुलदाणी तिला सोयीची वाटते. विद्रोही कवीने एकदा निसर्गकविता लिहावी, की तोच समीक्षक त्याला 'परिपक्व' म्हणतो. हा अनुभव आपल्या पिढ्यांना आहे.

तरीही मी त्या मुलीला म्हणालो की पदक देणाऱ्याचा हेतू आणि रंगवणाऱ्याचा हेतू एकच असेल असे समजू नकोस. मोटार धुणारा पोर घरमालकाच्या टेबलावरची सुरई रोज बघत असतो. ती उचलायची, घासायची, भरायची आणि मागे सरायचे. तिच्याकडे टक लावून बघायची परवानगी त्याला नसते. नोकर भांड्याकडे बघत उभा राहिला तर चोरीचा संशय येतो. आराच्या मनात काय होते याचा दाखला माझ्याजवळ नाही आणि मी तो उभा करणारही नाही. मला एवढेच दिसते की ज्याने भांडी दुसऱ्यासाठी उचलली, तो त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसला, आणि हवा तेवढा वेळ बसला. दलिताचा वेळ नेहमी कोणाच्या तरी मालकीचा होता. हे बसणे आपण उगाच क्षुल्लक समजतो. मुलगी पटल्यासारखी दिसली नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही.

वस्तूच्या चित्रात माणूस किती लपलेला असतो, याचे एक उदाहरण आपल्या वाचकांना नक्की रुचेल. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराने १८८६ साली पॅरिसमध्ये जुन्या जोड्यांची एक जोडी रंगवली. नाड्या सुटलेल्या, चामडे मऊ पडलेले, मागे काहीच नाही. ते चित्र आज अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्ववेत्त्याने १९३५-३६ च्या व्याख्यानांत त्यावर भाष्य केले: हे शेतकरी बाईचे जोडे आहेत, त्यांत ओल्या मातीचे, श्रमाचे, भाकरीच्या काळजीचे सगळे जग उभे आहे. (हे गृहस्थ १९३३ पासून नाझी पक्षाचे सभासद होते. शेतकरी बाईच्या जोड्यांवर इतके हळवे होणाऱ्याला शेजारच्या ज्यू माणसाचे काय होत होते ते दिसले नाही. वस्तूंवर प्रेम केल्याने माणूस आपोआप चांगला होतो, या भ्रमात कोणी राहू नये.) पुढे १९६८ साली मेयर शापिरो या अमेरिकन कलेतिहासकाराने त्यांना खोडून काढले: जोडे शेतकरी बाईचे नाहीत, शहरात राहणाऱ्या खुद्द चित्रकाराचे आहेत. जोडे कोणाच्या पायातले, यावर विद्वानांचा वाद पुढेही चालला. जोडे शिवले कोणी, या प्रश्नावर मात्र त्यांचा वाद झालेला माझ्या वाचनात नाही. चामडे कोणी सोलले, कोणी कमावले, टाका कोणी घातला? आपल्या मुलांनी चित्राची प्रत हातात घेतली तेव्हा सर्वांत आधी हाच प्रश्न आला. एकाचे आजोबा मोटा आणि जोडे शिवत. तो नुसता टाक्यांकडे बघत होता.

म्हणजे माहीत असण्याचेही दोन प्रकार आहेत तर. एक जातीचे माहीत असणे. ते बघू देत नाही. दुसरे हाताचे माहीत असणे. ज्याने भांडे घासले, चामडे कमावले, कांदा खांडला त्याचे. हे दुसरे ज्ञान डोळ्याला अडवत नाही, उलट जिथे इतरांना नुसता रंग दिसतो तिथे ते थांबायला लावते. बागलाणात उन्हाळ कांदा निघाला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढीग लागतात. माझ्या मायने आयुष्यभर रोजाने कांदे काढले, खांडले. नव्या कांद्याचे साल गुलाबी आणि ओलसर असते, चाळीत चार महिने राहिलेल्याचे तांबूस, कागदासारखे वाजणारे. वरचे साल सुटले की आतून जांभळी शीर दिसते. शेंड्याला कापलेली मान किती लांब ठेवली आहे, यावरून खांडणारीचा हात कळतो. चित्रकाराला हे शिकायला वर्षे लागतील, आमच्या बायकांना ते ठाऊक आहे. फक्त त्यांना कोणी कधी असे म्हटले नाही, की हे तुमचे बघणे आहे, याची किंमत आहे.

मराठीत वस्तूंकडे बघण्याविषयी वाचायचे असेल तर प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे 'कोरा कॅनव्हास' जरूर मिळवावे. ते १९९० साली आले. बरवे पान, घड्याळ, टाचणी अशा वस्तूंना मोकळ्या अवकाशात ठेवत. त्यांचे जग आपले नव्हे, पण त्यांची मराठी स्वच्छ आहे आणि विद्यार्थ्यांना झेपते. इटलीतल्या बोलोन्याचा जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) याचीही चित्रे बघावीत. त्याने उभ्या आयुष्यात जवळजवळ त्याच त्या बाटल्या आणि डबे पुन्हा पुन्हा रंगवले. आमच्या मंडळात सर्वांत कमी आवडला तो हाच. "ह्या माणसाकडे वेळ होता सर," एवढ्यात मुलांनी त्याला निकालात काढले.

एक कबुली द्यायची आहे. लहानपणी मायबरोबर ज्या मळ्यात जात असे तिथे गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप आमच्यासाठी ठेवलेला असे. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाला की आपणच विसळून पालथा ठेवायचा. त्या कपाच्या कडेला एक बारीक निळी रेघ होती, एका जागी झिजलेली. ती मला आजही स्पष्ट दिसते. कॉलेजात लागल्यापासून मी तीन-चार वेळा तो कप आठवणीने काढून पाहिला. जमला नाही. लंबगोल बरोबर येतो, सावली बरोबर येते, निळी रेघही येते. तुटलेल्या कानाच्या जागी दोन खडबडीत टोके होती, तिथे हात थांबतो. जर्मनच्या तांब्याला जे मिळाले ते या कपाला मला देता आलेले नाही. सगळ्याच वस्तूंशी शांत राहता येईल असे मी कोणाला सांगणार नाही, आणि राहावे असेही नाही.

त्या रविवारनंतर चित्रे घरी आणली होती. माय पलंगावर बसून एकेक बघत होती. शार्देंच्या १७३४ च्या सुमाराच्या चित्राशी ती थांबली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातले ते चित्र. लाकडी तिवईवर तांब्याचे झाकणाचे भांडे, खाली तोटी, जवळ बादली. बाकी भिंत आणि अंधार.

"काय देखी राहिनी माय?" मी विचारले.

"यामा पानी कोन भरस?" ती म्हणाली.

मी त्या चित्रावर दहा-बारा पाने वाचली होती. रंगसंगती, रचना, तांब्यावरचा उजेड, सगळे. हा प्रश्न मला पडला नव्हता. त्याचे उत्तर मात्र आहे. त्या काळात पॅरिसच्या घरांत नळ नव्हते. पखालवाल्यासारखी माणसे, बहुतेक खेड्यांतून पोटासाठी आलेली, नदीवरून आणि सार्वजनिक कारंज्यांवरून दोन-दोन बादल्या खांद्याच्या आधाराने आणून जिने चढत आणि घरोघर अशी भांडी भरत. मी तिला हे सांगितले. ती ऐकत होती.

"त्यास्ले रोज किती भेटे?" तिने विचारले, आणि पुन्हा चित्राकडे बघू लागली.

पुढच्या बैठकीत मी हे सांगितल्यावर चळवळीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने ती प्रत मागून घेतली. त्याच्या आजीचा तांब्याचा एक हंडा अजून घरात आहे म्हणे, तो त्याला शेजारी ठेवून बघायचा होता. दोन आठवड्यांनी त्याने प्रत परत आणली, सोबत वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेला हंडा. पोटावरचा उजेड त्याने खोडरबराने पुसून पुसून काढला होता, चांगला आला होता. तोंड मात्र गोलच.